धाग्याचा स्वभाव

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी नेवासे हे गाव आहे. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली, ते हेच गाव. गावाच्या जुन्या पांढरीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ सालापासून उत्खनन केले. मातीच्या थरांतून खापरे निघाली, दगडाची पाती निघाली, मणी निघाले. एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. ती माळ कोणी मायेने ओवली असेल, त्याला सुमारे तीन हजार वर्षे होऊन गेली होती. आश्चर्य असे, की मणी ज्यात ओवले होते त्या धाग्याचे अवशेष अजून शिल्लक होते. गुलाटी या तंतुतज्ज्ञांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि त्या धाग्यात रेशीम व कापूस असल्याचे १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात नोंदवले.

तांबे टिकले यात नवल नाही. धागा टिकला हे नवल! मातीत पडलेले सूत काही महिन्यांत कुजते. मातीतील असंख्य सूक्ष्म जीव त्याचा फडशा पाडतात. परंतु तांब्याला चढलेल्या गंजाचे क्षार धाग्यात मुरले, आणि ते क्षार त्या सूक्ष्म जीवांना विषासारखे असल्यामुळे तेवढा धागा वाचला. मोहेंजोदडो येथे चांदीच्या एका भांड्याला चिकटून राहिलेले कापड असेच धातूच्या क्षारांमुळे बचावले होते. मुंबईत माटुंगा येथील प्रयोगशाळेत त्याची तपासणी झाली आणि ते कापसाचेच असल्याचे १९२८ साली प्रसिद्ध झाले. त्या तपासणीतही गुलाटी यांचा हात होता.

या दोन तुकड्यांखेरीज त्या काळातील लोकांनी नेसलेली, पांघरलेली, वाळत घातलेली हजारो वस्त्रे कोठे गेली? ती मातीत मिळाली. ती कुजली म्हणून इतिहासाचे नुकसान झाले खरे. पण ती कुजली नसती तर? हजारो वर्षांच्या चिंध्यांच्या राशीवर आज माणसाला राहावे लागले असते. तेव्हा कुजणे हा धाग्याचा दोष म्हणावा की गुण? या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. माणसाप्रमाणे प्रत्येक धाग्यालाही एक स्वभाव असतो, आणि ज्या स्वभावामुळे तो एके जागी हवासा वाटतो, त्याच स्वभावामुळे तो दुसरीकडे नकोसा होतो. गुण आणि दोष ही एकाच धाग्याची दोन टोके होत.

प्रथम कापूस पाहावा. विदर्भाच्या काळ्या जमिनीत पऱ्हाटी वाढते, तिला बोंडे धरतात, आणि बोंड उमलले की पांढराशुभ्र कापूस बाहेर डोकावतो. त्या कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर उगवलेली एकच लांबलचक पेशी असते. बोंड मिटलेले असते तोवर ती रसाने भरलेली नळी असते. बोंड उमलून ऊन लागले की रस आटतो, नळी चपटी होते आणि तिला जागोजाग पीळ पडतात. हे पीळ डोळ्यांना दिसत नाहीत. पण सूत निघते ते त्यांच्याच कृपेने. साधारण २५ ते ३० मिलिमीटर लांबीचे ते इवलेसे तंतू पिळांमुळे एकमेकांना धरून राहतात, आणि पेळूतून चातीवर अखंड सूत ओढले जाते. सावरीचा कापूस दिसायला याहून चकचकीत व मऊ. परंतु त्याच्या तंतूला असा पीळ नसतो. तो सरळ आणि गुळगुळीत असल्याने त्याचे सूत कातणे अवघड जाते. म्हणून तो उशीत जाऊन बसला आणि शेतातला कापूस मागावर चढला.

कापसाला पाण्याची मोठी ओढ असते. कोणताही तंतू उघड्यावर ठेवला की हवेतील बाष्प थोडेफार शोषून घेतो. मध्यम दमट हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस सुमारे ८ ग्रॅम पाणी गुपचूप पिऊन बसतो. वैशाखातल्या उन्हात सुती सदरा अंगाला सुखाचा वाटतो, याचे कारण हेच. तो घाम टिपून घेतो, घामाची वाफ होऊ देतो आणि अंग निववतो. आणखी एक गंमत म्हणजे कापसाचा तंतू भिजला की दुबळा न होता उलट अधिक बळकट होतो. धोब्याच्या दगडावर वर्षानुवर्षे आपटूनही धोतरे टिकत आली, ती या गुणाच्या जोरावर. पण याच ओढीची दुसरी बाजू आषाढात दिसते. दोरीवर टाकलेले सुती कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत. त्यांना कुबट वास येतो, बुरशीचे काळे ठिपके पडतात. उन्हाळ्यात ज्याची स्तुती केली, त्याच्याच नावाने पावसाळ्यात बोटे मोडावी लागतात. कापूस मात्र दोन्ही ऋतूंत एकच असतो.

आषाढाच्या त्याच सरींत माळावर मेंढ्या राखणारा धनगर घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन निश्चिंत उभा असतो. दख्खनी मेंढीची काळी, भरड लोकर कातरायची, पिंजायची, कातायची आणि सणगराच्या मागावर तिची घोंगडी विणायची, ही महाराष्ट्रातली जुनी विद्या. विणताना धाग्याला चिंचोक्याची खळ देतात. घोंगडी अंगाला टोचते, तरी माळकरी, शेतकरी आणि मेंढपाळ यांनी तिला कधी दूर केले नाही. लोकरीचा तंतू कुरळा असतो. त्याच्या वळणावळणांत हवा अडकून राहते, आणि अडकलेल्या हवेतून उष्णता सहजासहजी बाहेर पडत नाही. म्हणजे घोंगडी स्वतः ऊब निर्माण करीत नाही. ती माणसाच्याच अंगची ऊब जपून ठेवते. पावसाचा थेंब तिच्या पृष्ठभागावरून बराच वेळ ओघळून जातो. तरी हवेतले बाष्प मात्र ती आत घेते. १०० ग्रॅम कोरडी लोकर सुमारे १६ ग्रॅम ओलावा शोषूनही हाताला कोरडीच लागते.

लोकरीच्या तंतूवर छपराच्या कौलांसारखे सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यात घालून लोकरीचे वस्त्र चोळले, की हे खवले एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. हौसेने विणलेला स्वेटर अजाणतेपणी कढत पाण्यात धुतला गेला, तर बाहेर निघतो तो धाकट्या भावाच्या मापाचा होऊन! घरातील माणसे हळहळतात. परंतु हाच खवल्यांचा दोष हेरून माणसाने बुरणूस तयार केला. त्याला चाती लागत नाही, मागही लागत नाही; ओली लोकर थरावर थर देऊन दाबली आणि तुडवली, की तिचेच घट्ट पांघरूण बनते. ज्याने तो दोष प्रथम कामाला जुंपला, त्याची बुद्धी धन्य होय.

रेशमाचा स्वभाव राजस. तुतीचा पाला खाऊन पुष्ट झालेला किडा तोंडाजवळच्या छिद्रातून चिकट द्रव सोडतो. हवेत येताच त्याचा तंतू बनतो. डोके हलवीत हलवीत तो किडा सुमारे तीन दिवसांत स्वतःभोवती कोश विणून घेतो. एका कोशात कित्येकशे मीटर, कधी कधी एक हजार मीटरांहूनही लांब असा सलग तंतू असतो. कापसाच्या बोटभर तंतूपुढे ही लांबी किती प्रचंड! रेशमाची झळाळी आणि मृदुता यांचे बरेचसे श्रेय या अखंडपणाला आहे. पैठणच्या व येवल्याच्या विणकरांनी काठापदरावर मोर आणि कमळे फुलवली, ती अशाच तंतूंच्या आधारावर. भंडारा-गडचिरोलीच्या रानात ऐन व अर्जुन या झाडांवर वाढणारा टसरचा किडाही आपल्या कोशातून असेच धन देतो. त्याचा रंग मात्र मधासारखा.

या अखंडपणाची किंमत कोण देतो, हे विसरता येत नाही. कोशातील किडा पतंग होऊन बाहेर पडला, तर तो कोशाला भोक पाडतो आणि तंतूचे तुकडे होतात. म्हणून पतंग बाहेर येण्यापूर्वीच कोश उष्णतेने तापवतात किंवा उकळत्या पाण्यात टाकतात. आतला जीव तेथेच संपतो. काही जण पतंग उडून गेल्यानंतरच कोश घेतात. त्या तुटक तंतूंचेही सूत काततात, पण त्याला पहिल्यासारखी झळाळी येत नाही. रेशमी वस्त्र नेसणाऱ्याने कोणते निवडावे हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. परंतु झळाळीमागे काय आहे, ते प्रत्येकाला ठाऊक असावे.

या तिघांच्या मानाने अंबाडी, ताग आणि काथ्या ही मंडळी गरीब. त्यांना लग्नाच्या मांडवात कोणी मानाने बोलावत नाही. पण त्यांच्यावाचून मांडव उभाही राहत नाही. अंबाडीची झाडे कापून पाण्यात कुजत घालतात. मऊ भाग कुजून जातो, आणि न कुजलेला चिवट वाख हाती येतो. त्या वाखाची दावी, कासरे आणि चऱ्हाटे वळतात. बंगालच्या पाणथळ भागात तागाचे असेच तंतू काढतात आणि त्यांच्या पोत्यांतून साऱ्या देशाचे धान्य हिंडते. कोकणात नारळाच्या सोडणांपासून काथ्या निघतो. तो खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, ही म्हण ज्याने प्रथम म्हटली, त्याने माणूस आणि धागा या दोघांचेही स्वभाव नीट पाहिले असले पाहिजेत.

हजारो वर्षे माणसाने निसर्ग देईल तोच धागा घेतला. परंतु रेशमाचा किडा पाहून त्याच्या मनात एक विचार सारखा घोळत असे. हा एवढासा जीव द्रवाचा धागा करतो. मग मनुष्याला ते का साधू नये? इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६६५ साली आपल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात हा विचार लिहूनही ठेवला. तो प्रत्यक्षात यायला मात्र दोन शतकांहून अधिक काळ जावा लागला. फ्रान्समधील शार्दोने या संशोधकाने वनस्पतींतील सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून त्याचा द्रव केला, बारीक छिद्रांतून तो दाबून बाहेर काढला आणि १८८४ साली कृत्रिम रेशमाची कृती सादर केली. १८८९ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात ते रेशीम पाहून लोक थक्क झाले. पण या रेशमाला एक भयंकर खोड होती. त्याचे नाते स्फोटक द्रव्यांशी असल्यामुळे ते क्षणात पेट घेई! पुढे आणखी प्रक्रिया करून त्याची ही खोड कमी करावी लागली.

१८९२ साली इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन व बीडल या तिघांनी व्हिस्कोजची कृती शोधून काढली. लाकडाच्या लगद्याचा दाट द्रव करून तो छिद्रांतून आम्लात सोडला, की चमकदार तंतू मिळतात. यालाच पुढे रेयॉन म्हणू लागले. रेशमाची चमक स्वस्तात मिळू लागली. परंतु कापूस भिजला की बळकट होतो, तर रेयॉन भिजला की त्याचे जवळजवळ निम्मे बळ जाते. शिवाय ही कृती करताना कार्बन डायसल्फाइड नावाचे द्रव्य वापरतात. त्याच्या विषारी वाफांनी अनेक कारखान्यांतील कामगारांच्या मेंदूवर आणि मज्जातंतूंवर परिणाम झाले. स्वस्त वस्त्राची उरलेली किंमत दुसऱ्याच कोणी तरी चुकवली होती.

रेयॉन माणसाने घडवला, तरी त्याचा कच्चा माल झाडाचाच होता. झाडाचे, प्राण्याचे किंवा किड्याचे साहाय्य न घेता धागा करण्याचे काम अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स याच्या हातून झाले. लहान लहान रेणू साखळीच्या कड्यांप्रमाणे जोडून तो प्रचंड लांबीचे रेणू तयार करीत असे. १९३० साली त्याचा सहकारी ज्युलियन हिल याने अशा एका वितळलेल्या पदार्थात काच-कांडी बुडवून वर काढली, तेव्हा तिच्यामागून लांबच लांब तार आली. थंड झाल्यावर ती तार ओढली, तर ती कित्येक पट लांब झाली आणि तुटण्याऐवजी अधिकच चिवट बनली. ओढल्यामुळे आतील रेणूंच्या साखळ्या एका दिशेने शिस्तीत उभ्या राहिल्या होत्या. कातणारी आजी पेळू ओढून आणि पीळ देऊन जे साधते, त्याच्याशीच नाते सांगणारी ही गोष्ट! १९३५ साली कॅरोदर्सच्या प्रयोगशाळेत नायलॉन जन्मास आले. १९३८ साली त्याची जाहीर घोषणा झाली, तेव्हा ती ऐकायला कॅरोदर्स या जगात नव्हता. १९३७ सालीच त्याचे निधन झाले होते.

आरंभी नायलॉनचे दात घासण्याचे ब्रश झाले, १९४० साली पायमोजे झाले, आणि दुसऱ्या महायुद्धात त्याच्या हवाई छत्र्या व दोरखंड झाले. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते कोकणातील कोळ्यांच्या होड्यांतही पोचले. सुताची व तागाची जाळी सतत वाळवावी लागत. एवढे करूनही ती पाण्याने कुजत. नायलॉनचे जाळे हलके, बळकट आणि न कुजणारे. कोळ्याचे श्रम वाचले. परंतु तेच जाळे खडकात अडकून तुटले आणि समुद्रात हरवले तर? सुताचे जाळे काही काळाने कुजून निरुपद्रवी झाले असते. नायलॉनचे जाळे धन्याशिवाय वर्षानुवर्षे मासे धरीत राहते. समुद्री कासवेही त्यात गुरफटतात. न कुजण्याचा गुण होडीत असतो तोवर वर, आणि होडीतून सुटला की शाप!

याच महायुद्धाच्या काळात, १९४१ साली, इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा तंतू तयार केला. टेरिलिन या नावाने तो घरोघर परिचित झाला. खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांचा हा तंतू. त्याला सुरकुती पडत नाही, तो झिजत नाही, त्याला कसर लागत नाही, आणि धुऊन टाकला की घटकाभरात वाळतो. इस्त्रीला ज्यांच्यापाशी वेळ नव्हता आणि दर वर्षी नवे कपडे घेण्याइतका पैसाही नव्हता, त्यांना हा धागा वरदान वाटला, यात नवल ते काय? आज जगात तयार होणाऱ्या एकूण तंतूंपैकी निम्म्याहून अधिक पॉलिएस्टरच असतो. पाण्याच्या पारदर्शक बाटल्याही याच पदार्थाच्या असतात. अशा बाटल्या वितळवून त्यांचाही धागा काढतात.

तरीही ज्येष्ठातल्या उकाड्यात निव्वळ पॉलिएस्टरचा सदरा घातलेला मुलगा अस्वस्थ का होतो, याचे उत्तर त्याच मोजमापात आहे. ज्या हवेत १०० ग्रॅम कापूस ८ ग्रॅम पाणी पितो, तेथे नायलॉन सुमारे ४ ग्रॅम पितो आणि पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा पीत नाही. पाणी न पिणारा धागा चटकन वाळणारच; पण तो घामही टिपत नाही. एकाच स्वभावाची ही दोन फळे.

यावर तोड म्हणून दोन स्वभावांची सोयरीक जुळवण्यात आली. पॉलिएस्टर आणि कापूस एकत्र कातून टेरिकॉट झाले आणि कित्येक शाळांचे गणवेश त्याचेच शिवले गेले. ही कल्पना नवी वाटली, तरी तिचे मूळ फार जुने आहे. छत्रपती संभाजीनगरच्या हिमरू कापडात सूत आणि रेशीम एकत्र नांदतात, आणि नेवाशाच्या त्या माळेतही हेच दोघे एकमेकांना बिलगून होते. फरक आहे तो शेवटाचा. सूत आणि रेशीम दोन्ही मातीत मिळतात. टेरिकॉटमधील कापूस मातीत मिळतो आणि पॉलिएस्टर मागे उरतो. शिवाय घट्ट मिसळलेले ते दोन तंतू वेगळे करून पुन्हा वापरणे फार कठीण जाते.

आगीजवळ तर धाग्याचा स्वभाव लपतच नाही. सुताचे टोक कागदासारखे जळते आणि मऊ राख मागे ठेवते. लोकर व रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो. नायलॉन आणि पॉलिएस्टर आधी वितळतात आणि थंड झाल्यावर त्यांची कठीण गुठळी होते. दुकानदार ही परीक्षा एखाद्या दोऱ्यावर करून दाखवतात. मुलांनी ती वडीलधाऱ्यांवाचून करू नये. या माहितीचा उपयोग केवळ कापड ओळखण्यापुरता नाही. सुती वस्त्रही पेटते, म्हणून सावधपणा सर्वांनाच हवा. पण वितळलेला कृत्रिम धागा कातडीला चिकटतो आणि भाजलेली जखम अधिक खोल करतो. म्हणून चुलीपाशी वावरताना किंवा दिवाळीत फटाके उडवताना अंगाबरोबर बसणारे जाडसर सुती कपडे घालावेत, असे जाणती माणसे सांगतात. दिसायला सुंदर असलेल्या झुळझुळीत ओढणीपेक्षा त्या वेळी साधे सूत अधिक शहाणे असते.

अलीकडच्या काळात शास्त्रज्ञांच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. कपडा धुताना त्याचे बारीक बारीक तंतू सुटून पाण्याबरोबर वाहून जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. सुताचे तंतू पुढे कुजून जातात. कृत्रिम तंतू मात्र नदीतून समुद्रात जातात आणि तेथे मासे व शिंपले यांच्या पोटांत सापडतात. मोरीत सोडलेले धुण्याचे पाणी तेथेच संपत नाही, हे या इवल्या तंतूंनी माणसाला शिकवले.

म्हणून कृत्रिम धागे वाईट आणि नैसर्गिक धागे चांगले, असे म्हणून मोकळे होणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठण्यासारखेच आहे. कापसाच्या शेतालाही पाणी लागते, बोंडअळीवर औषधे फवारावी लागतात, आणि पाऊस रुसला की शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. उलट, गिर्यारोहकाचा जीव नायलॉनच्या दोरावर निर्धास्त लोंबकळतो, आणि शल्यवैद्य जखम शिवायला कधी रेशमाचा, तर कधी नायलॉनचा धागा घेतात. जेथे टिकण्याची गरज आहे तेथे टिकाऊ धागा हवा. जेथे अंगाशी मैत्री करायची आहे तेथे ओल पिणारा धागा हवा. चूक धाग्याची नसते. चार दिवस मिरवून फेकून द्यायच्या कपड्यासाठी शेकडो वर्षे न मरणारा धागा वापरणे, ही माणसाची चूक होय.

हा विवेक ग्रंथ वाचूनच येतो असे नाही. खेड्यातल्या घरात गोधडी शिवायला बसलेल्या आजीपाशी तो पुरेपूर असतो. तिच्यापुढे जुन्या कपड्यांचे बोचके सोडलेले असते. एकेक कपडा ती हातात घेते, अंगठा आणि बोट यांमध्ये चुरगाळून पाहते आणि बाजूला ठेवते. धुऊन धुऊन मऊ झालेले सुती नऊवारी लुगडे गोधडीच्या आत जाते, कारण झिजलेल्या सुताइतके मायाळू दुसरे काही नाही. झिजणे हा त्याचा दोष खरा. पण नातवाच्या गालाला तोच गोड लागतो. फाटके धोतर पातेली उतरवायच्या मसोत्याला लावले जाते आणि त्यातून उरलेल्या चिंध्यांच्या वाती होतात. सुळसुळीत नायलॉनची साडी गोधडीत घातली तर थर सरकतात, टाका धरत नाही, आणि चुलीजवळ तर ती नकोच. म्हणून ती तिला निराळी काढते. ती साडी शेताच्या बांधावर जाते. रानडुकरांनी पिकात शिरू नये म्हणून खांबांना बांधलेल्या त्या रंगीबेरंगी साड्या ऊन, वारा, पाऊस सोसत तेथे कित्येक हंगाम फडफडत राहतात.

आजी कोणत्याही वस्त्राला हलके म्हणत नाही आणि एकही फेकत नाही. प्रत्येकाचा स्वभाव ओळखून ती त्याला त्याची जागा देते. आणि जागा मिळाली, की कालचा दोष आज गुण होऊन कामाला लागतो.